शिकणं उघड्यावर मांडायचं, तर चूक सापडेल असं मांडा

तुम्ही तासगावजवळच्या गावात राहता, पतसंस्थेत नोकरी करता, बी.कॉम. झालंय आणि रात्री जेवणं आटोपली की दोन तास पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा घेऊन बसता. आता मशीन लर्निंगकडे (डेटावरून अंदाज करायला संगणकाला शिकवणं) वळायचंय, आणि जो तो सांगतोय की रोज काय शिकलात ते जाहीर टाकत जा. तुम्ही विचारलंय की शंभर दिवस रोज कोड लिहायचं ते आव्हान घ्यावं का, मराठीत लिहावं की इंग्रजीत, चुकलं आणि लोक हसले तर काय, आणि याने नोकरी मिळते का.

उत्तरं देते, पण आधी माझी एक फजिती सांगते. बाकीचं सगळं तिच्यातूनच येतं.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी लासलगावच्या कांद्याच्या दराचा अंदाज करणारं मॉडेल बनवलं. तेव्हा डेटाच्या कामात मला दहा वर्षं होत आली होती, म्हणजे नवखी म्हणून सूट मागायचीही सोय नाही. रोजची आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर असे काही वर्षांचे आकडे घेतले, रँडम फॉरेस्ट ही अंदाज करण्याची पद्धत लावली, आर-स्क्वेअर (अंदाज खऱ्या आकड्यांशी किती जुळतो याचं माप, १ म्हणजे तंतोतंत) ०.९६ आला. नोटबुक (कोड आणि त्याची उत्तरं एकत्र ठेवणारी फाइल), डेटा, आलेख सगळं गिटहबवर, म्हणजे कोड जाहीर ठेवायच्या संकेतस्थळावर, ठेवलं आणि ओळखीपाळखीत दुवा पाठवला. कौतुक झालं. प्रोग्रामिंगवाले ‘मस्त’ म्हणाले. चौथ्या दिवशी फिरत फिरत तो आलेख निफाडकडच्या एका कांदा व्यापाऱ्यापर्यंत पोचला आणि त्यांचा निरोप आला. पायथनशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी लिहिलं होतं, “ताई, रविवारी मार्केट बंद असतं, अमावास्येला लिलाव नसतो. तुमच्या आलेखात त्या दिवसांचाही भाव आहे. तो कुठून आणला?”

रिकाम्या जागा मी अलीकडच्या-पलीकडच्या दिवसांच्या सरासरीने भरल्या होत्या. म्हणजे रविवारच्या आकड्यात सोमवार आधीच शिरलेला. उद्याचा भाव पोटात घेऊन मी उद्याचा भाव सांगत होते!

तो एक धागा ओढला आणि सगळंच उसवत गेलं. सायकिट-लर्न या पायथनच्या मशीन लर्निंग लायब्ररीत डेटाची ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायला) आणि टेस्ट (तपासायला) अशी वाटणी करणारं नेहमीचं फंक्शन आपण काही सांगितलं नाही तर आधी पत्ते पिसतं, मग वाटतं. माझ्याकडे सोमवार आणि बुधवार ट्रेनिंगमध्ये आणि मधला मंगळवार टेस्टमध्ये, असं झालं होतं. मंगळवारचा भाव दोन्ही बाजूंच्या भावांच्या मध्ये कुठेतरी असणार हे सांगायला मॉडेल कशाला हवं? तारखेप्रमाणे कापलं, शेवटचे सहा महिने टेस्टला बाजूला ठेवले, तर ०.९६ ची हवा गेली. मग लाज बाजूला ठेवून सगळ्यात साधी तुलना केली: ‘काल जो भाव होता तोच आज’ असं म्हणणाऱ्या एका ओळीच्या प्रोग्रामची सरासरी चूक माझ्या मॉडेलपेक्षा कमी निघाली. त्याच गृहस्थांनी पुढे हेही दाखवलं की लाल कांदा आणि उन्हाळ कांदा काही आठवडे एकाच वेळी बाजारात असतात आणि त्यांचे भाव वेगळे लागतात. मी दोन्ही एकाच रकान्यात ओतले होते. आलेखावरच्या करवतीच्या दात्यांना मी ‘बाजारातली अस्थिरता’ असं भारदस्त नाव दिलं होतं.

दुरुस्त करून पुन्हा टाकलं, आणि २९ सप्टेंबरला केंद्र सरकारने कांद्याची निर्यातच बंद केली. त्या व्यापाऱ्यांचा एका ओळीचा निरोप: “हे कोणत्या रकान्यात बसवणार?”

माझ्या त्या नोटबुकला मिळालेल्या सगळ्या ‘मस्त’मधून मी काही शिकले नाही. शिकले ते त्या एका प्रश्नातून. आणि तो प्रश्न येऊ शकला, कारण आलेख उघडा होता, तारखा दिसत होत्या, डेटा सोबत होता. मी नुसतं ‘आज टाइम सिरीज शिकले, आर-स्क्वेअर ०.९६!’ असं टाकलं असतं तर त्यांना पकडायला काही उरलंच नसतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: जाहीर टाका, पण चूक पकडता येईल असं काहीतरी टाका. ‘दिवस ३७, आज लूप शिकलो’ यात पकडण्यासारखं काय आहे?

आता शंभर दिवसांचं. अलेक्झांडर कॅलवे या प्रोग्रामरने २०१६ मध्ये हे सुरू केलं. नियम साधे: रोज किमान एक तास कोड लिहायचा, शंभर दिवस, आणि रोजची प्रगती जाहीर सांगायची. सवय लागायला हे चांगलं आहे, आणि तुमच्यासारख्या नोकरी करून शिकणाऱ्याची पहिली लढाई सवयीचीच असते. पण साधारण महिन्याभराने मोजदाद कामावर स्वार होते, हे मी बऱ्याच जणांचं पाहिलंय. एखादी चूक सापडत नसेल तर ती तीन-तीन रात्री खाते. त्या तीन रात्री ‘दाखवण्यासारखं’ काही नसतं, मग माणूस ती चूक सोडून नवा व्हिडिओ लावतो, कारण व्हिडिओ संपला की लिहायला काहीतरी मिळतं. म्हणजे जिथे शिकणं चाललं होतं तिथूनच उठायचं. गिटहबवर ज्या दिवशी काही टाकलं त्या दिवसाचा चौकोन हिरवा दिसतो, त्या चौकोनांचंही तेच. एक स्वल्पविराम हलवूनही चौकोन हिरवा होतो. तुम्ही आव्हान घ्या हवं तर, मात्र रोजची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा आणि जाहीर आठवड्यातून एकदाच, रविवारी. सहा दिवसांत एक तरी गोष्ट अशी अडते की ती दुसऱ्याला सांगण्यासारखी असते.

अडलेली गोष्ट कशी सांगायची याचं मला आवडलेलं उदाहरण देते. ओळखीतली एक मुलगी मराठी बातम्यांचे मथळे विषयानुसार वेगळे करत होती. जुलैच्या बातम्यांत सगळ्यात जास्त आलेल्या शब्दांत तिला ‘ऊस’ दिसला. जुलैत उसाच्या इतक्या बातम्या? आणि ‘पाऊस’ यादीत कुठेच नाही! तिने आठ ओळींचा कोड, पाच मथळे आणि एक प्रश्न टाकला: “माझा पाऊस कुठे गेला?” कोणालाही तो कोड उतरवून मिनिटभरात चालवून बघता येत होता, म्हणून लोकांनी चालवला आणि त्याच रात्री उत्तर आलं.

उत्तर मोठं गमतीचं आहे. सायकिट-लर्नचं काउंटव्हेक्टरायझर (मजकुरातले शब्द मोजणारं साधन) शब्द तोडण्यासाठी पायथनचा जो नियम वापरतं, त्यात ‘अक्षर’ म्हणजे स्वतंत्र अक्षर. आपला काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही युनिकोडमध्ये (संगणकासाठी प्रत्येक अक्षर-चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत) जोडचिन्हं म्हणून नोंदलेली आहेत, आणि त्या नियमाला ती अक्षरं वाटत नाहीत. तो तिथे शब्द तोडतो. वर दोन अक्षरांपेक्षा लहान तुकडे फेकून देतो. म्हणून ‘पाऊस’मधला काना म्हणजे कुऱ्हाड: ‘प’ एकटा पडला म्हणून गेला, राहिला ‘ऊस’. ‘कांदा’ तर पूर्णच नाहीसा होतो. ‘कापूस’, ‘तूर’, ‘सोयाबीन’ तेही नाहीसे. आणि ‘मराठी’चं काय उरतं ते करून बघा: ‘मर’. उपाय सोपा आहे, शब्द मोकळ्या जागेवर तोडायला सांगा किंवा देवनागरीचा युनिकोड पट्टा नियमात स्वतः द्या. पण इंग्रजी उदाहरणांवर शिकवणाऱ्या कोर्समध्ये हे कधी येणार नाही, कारण तिथे ही अडचणच नाही. ‘मराठी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, पायथनला लांबी विचारली तर ५, आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत साठवला तर १५ बाइट. एवढ्या एका निरीक्षणावर एक रविवार भागतो.

यातच तुमच्या भाषेच्या प्रश्नाचं उत्तर आलं. समजावणं मराठीत लिहा. ज्या भाषेत तुम्ही विचार करता त्या भाषेत लिहिलं की न समजलेली जागा लगेच उघडी पडते. इंग्रजीत लिहिताना आपण वाचलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवतो आणि समजल्याचा भास होतो. ‘ओव्हरफिटिंग’ला ओव्हरफिटिंगच म्हणा, त्यासाठी शब्द घडवत बसू नका. पण त्याचा अर्थ मराठीत सांगता आला पाहिजे: मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका पाठ केलेला मुलगा. कोडमधली नावं आणि प्रकल्पाची पाच ओळींची ओळख मात्र इंग्रजीत ठेवा, म्हणजे बाहेरच्याही माणसाला तो चालवता येईल. आणि पुढे भाषेवरच काम करावंसं वाटलं तर मराठीत मोकळं रान आहे. पुण्याच्या एल३क्यूब या संशोधन गटाने मराठी ट्वीटचा भावनाविश्लेषणाचा डेटा २०२१ मध्ये खुला केला, साधारण १६ हजार ट्वीट आहेत. त्यावर चार दिवस घालवलेत तर हातात जे येईल ते हजारो जणांनी आधीच गिरवलेलं नसेल.

गिरवण्यावरून आठवलं. टायटॅनिक जहाजावरचे कोण प्रवासी वाचले हे ओळखायच्या डेटापासून सगळेच सुरुवात करतात, तुम्हीही करा, पण त्यातला आकडा मिरवू नका. ट्रेनिंगच्या ८९१ प्रवाशांवर ‘बायका सगळ्या वाचल्या, पुरुष सगळे बुडाले’ एवढंच म्हटलं तरी ७८.७ टक्के उत्तरं बरोबर येतात. त्यामुळे कोणी अभिमानाने ८० टक्के सांगितले की मला त्यातले एक-सव्वा टक्केच त्याच्या कष्टाचे दिसतात. (१०० टक्के दाखवणारेही भेटतील. जहाजावर कोण वाचलं याची यादी शंभर वर्षांपासून जगजाहीर आहे.) तुम्ही पतसंस्थेतले, थकीत कर्जाचं मॉडेल करावंसं वाटणार, तिथे हा सापळा आणखी खोल असतो. शिकण्यासाठी सर्रास वापरला जाणारा युरोपातल्या क्रेडिट कार्डांचा एक डेटा आहे: २,८४,८०७ व्यवहार, त्यात फसवणुकीचे ४९२. डोळे मिटून ‘सगळे व्यवहार खरे’ म्हणणारा प्रोग्राम ९९.८३ टक्के बरोबर ठरतो आणि एकही चोर पकडत नाही. तेव्हा जो आकडा टाकाल त्याच्या शेजारी बिनडोक नियमाचा आकडाही टाका. वाचणारा मग स्वतःच ठरवतो तुम्ही काय कमावलंत.

दुसरं, चालवून बघता येईल असं ठेवा. ज्युपिटर नोटबुकमध्ये चौकटी वर-खाली कशाही क्रमाने चालवता येतात, आणि पुसून टाकलेल्या चौकटीतला व्हेरिएबल मेमरीत तसाच जिवंत राहतो. तुमच्याकडे चालणारं नोटबुक दुसऱ्याकडे पहिल्याच ओळीला कोसळतं ते बहुतेक वेळा याचमुळे. टाकण्याआधी कर्नल (नोटबुकमधला कोड चालवणारा भाग) बंद करून सगळं वरून खाली एकदा चालवा. रँडम सीड ठरवून द्या म्हणजे दर वेळी तेच आकडे येतील, लायब्ररींच्या आवृत्त्या लिहून ठेवा. आवृत्त्यांचा प्रश्न तुम्हाला लवकरच चावणार आहे. जुन्या व्हिडिओंत बॉस्टनमधल्या घरांच्या किमतींचा डेटा असतो, तो सायकिट-लर्नच्या १.२ आवृत्तीपासून काढून टाकलाय, कारण त्यातला एक रकाना वस्तीतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रमाणावरून बनवलेला होता. एरर आला म्हणून वैतागून पुढे जाण्यापेक्षा तो का आला हे शोधलंत तर तीही एक चांगली नोंद होते.

आणि मी स्वतः आजही करते अशी एक गोष्ट. कोड चालवण्याआधी काय येईल याचा अंदाज लिहून ठेवते, आणि तो अंदाज नोंदीत तसाच ठेवते. ‘वाटलं होतं आवक वाढली की भाव पडेल. आवक वाढूनही तीन आठवडे भाव चढाच होता.’ या फटीतच शिकण्यासारखं असतं. कोड आता एआयकडून लिहून घेता येतो, मीही घेते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मात्र अंदाज तुमचा पाहिजे, आणि फसल्यावर का फसला हे सांगणंही तुमचंच पाहिजे. कोणता भाग लिहून घेतला ते एका ओळीत सांगून टाका.

लोक हसतील का? हसतील दोन-तीन. ते विसरताही येतात. तुम्हाला खरा त्रास होणार आहे तो शांततेचा. पहिले तीन-चार महिने कोणीही काही बोलणार नाही, आणि बहुतेक जण हसण्याने नाही तर याने थांबतात. जगाला उद्देशून टाकलेलं कोणीच आपलं समजत नाही. म्हणून प्रत्येक नोंद एका माणसाला, त्याच्या नावाने पाठवा, आणि ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, उत्तर ‘छान’ येतं. विचारा, “या आलेखात तुम्हाला काय खोटं वाटतंय?” विषय जाणणारा माणूस कोड जाणणाऱ्यापेक्षा कामाचा, हे निफाडच्या त्या व्यापाऱ्याने मला शिकवलंच आहे. चूक निघाली तर जुनी नोंद पुसू नका. वर लिहा: ‘हा आकडा चुकीचा होता, का ते खाली आहे.’ माझ्या कांद्याच्या नोटबुकवर ०.९६ आजही आहे, आडवी रेघ मारलेला.

नोकरीचं सरळ सांगते. जाहीर कामाने नोकरी मिळत नाही, मुलाखतीत बोलायला विषय मिळतो. बी.कॉम. असताना मुलाखतीपर्यंत पोचणंच अवघड, तिथे त्याचा उपयोग होतो. मी उमेदवाराचं गिटहब उघडते ते दोन-तीन मिनिटांसाठी. तीस प्रकल्प दिसले तर एकही उघडत नाही, एकच असेल तर तो उघडते आणि कमिटचा, म्हणजे वेळोवेळी नोंदवलेल्या बदलांचा, इतिहास बघते. एका रात्रीत आलेला चारशे ओळींचा ढीग आहे, की महिनाभर मोडत-जोडत आणलेलं काम आहे, हे तिथे लगेच कळतं. मग समोर बसल्यावर विचारते, यात काय फसलं? ज्याने खरंच केलंय तो या प्रश्नावर खुलतो, दहा मिनिटं थांबत नाही. ज्याने उतरवलंय तो म्हणतो, “विशेष काही नाही, मॅडम.”

एक ताकीद, आणि ती गंभीर आहे. पतसंस्थेचा डेटा घरी आणू नका. नावं काढून टाकली तरी नाही. सातशे उंबऱ्यांच्या गावात जन्मतारीख, कर्जाची रक्कम आणि ‘द्राक्षबाग’ एवढे तीन रकाने दिसले की माणूस कोण ते पारावर बसलेला कोणीही सांगेल. सभासदांच्या विश्वासाचा आणि तुमच्या नोकरीचा प्रश्न तर आहेच, वर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे. तसंच एपीआयची किल्ली (दुसरी सेवा कोडमधून वापरण्यासाठीची गुप्त खूण) किंवा पासवर्ड चुकून गिटहबवर गेला तर फाइल पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती कायम राहते. किल्लीच रद्द करून नवी घ्यायची, आणि ती त्याच मिनिटाला.

मग विषय कोणता? तुमच्या दारातच आहे. बेदाणा. सौद्यांचे भाव बाजार समितीत जाऊन, स्थानिक पेपरातून वहीत उतरवायला घ्या, दोन-तीन महिन्यांचेही चालतील. पहिल्या महिन्यात मॉडेल नको, नुसता आलेख काढा आणि तो गावातल्या एखाद्या बागायतदार काकांना दाखवा. ते काय खोटं म्हणतात ते लिहा, ती तुमची पहिली नोंद. सौदे ठरावीक वारीच होत असतील तर मधले दिवस रिकामेच राहू द्या, सरासरीने भरू नका. आणि हिरवा, पिवळा, काळा बेदाणा वेगवेगळ्या रकान्यांत.